तोंडातील गाठी व चट्टे : छोटी शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची तपासणी

वार्षिक अहवालात एखाद्या आजाराविषयी सविस्तर माहिती देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा आम्ही तोंडात होणाऱ्या अनैसर्गिक वाढीचा विषय घेतला आहे. त्यामागे एक कारण आहे आणि ते आम्हांस फारसे भूषणावह नाही. ते ओघाने पुढे येईलच.

मुखरोगांचा विचार आपल्याकडे प्राचीन काळापासून झालेला आहे. सुश्रुतसंहितेत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशी सात स्थाने मानून ६५ मुखरोग सांगितले आहेत. आज आमच्या बाह्यरुग्ण विभागात ज्या गाठी दिसतात, त्यांतील पुष्कळशा निरुपद्रवी असतात. गालाला आतून वारंवार दात लागला किंवा सैल कवळी घासत राहिली, की तेथे तंतुमय गाठ धरते. खालचा ओठ चावला गेल्याने लाळेच्या सूक्ष्म ग्रंथीची नलिका फुटते आणि निळसर, पाणी भरल्यासारखा फुगवटा येतो. तो फुटतो आणि पुन्हा भरतो. अशा वेळी केवळ फुगवटा कापून भागत नाही, खालची ग्रंथीही काढावी लागते. गरोदरपणी हिरडीवर येणारी लाल, चटकन रक्त येणारी गाठ प्रसूतीनंतर बहुधा आकसते, म्हणून तेथे आम्ही घाई करीत नाही. या शस्त्रक्रिया बहुतेक वेळा स्थानिक भूल देऊन होतात व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

चिंता वाटते ती वेगळ्याच रुग्णांची. तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षे गालात ज्या जागी धरली जाते, नेमक्या त्याच जागी पांढरा चट्टा उमटतो. तो पुसून जात नाही. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्यांवर व ओठांच्या आतही असे चट्टे आढळतात. लाल, मखमली दिसणारा चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा. सुपारीने होणारा विकार निराळा : गालाच्या आतील आवरण ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी तंबाखू आणि सुपारी आजही लोकांच्या खिशात असतेच. या सर्व विकारांत आरंभी दुखत नाही, आणि हीच मोठी अडचण आहे. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही.

आता ते कारण. काही वर्षांपूर्वी एक वयस्क शेतमजूर आमच्याकडे आले. गालाच्या आत चामखिळीसारखी, खरखरीत वाढ होती. दिसण्यात काही विशेष वाटले नाही. आम्ही ती काढली. तुकडा तपासणीस पाठवण्याचे शुल्क तेव्हा वेगळे घेतले जाई. मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, एवढं करायलाच हवं का?” घरातल्या दोघांचा रोज बुडाला होता. आम्ही म्हटले, राहू द्या. दहा महिन्यांनी ते परत आले, तेव्हा त्याच जागी कडक व्रण होता आणि मानेत गाठ. जबड्याचा भाग काढावा लागला. तो पहिला तुकडा तपासला असता तर त्यात काय दिसले असते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. मनाला लागून राहिले आहे ते हेच.

चामखिळीसारखी दिसणारी वाढ कर्करोगाचीही असू शकते, आणि अनुभवी डोळ्यालाही तो फरक प्रत्येक वेळी कळत नाही. म्हणून काढलेला तुकडा, कितीही लहान असो, फॉर्मालिनमध्ये ठेवला जातो. त्याची कोणती कड जिभेकडे होती आणि कोणती जबड्याकडे, हे कळावे म्हणून कडेला एक टाका घालतात. त्याचे मिलिमीटरच्या हजारात चार-पाच भाग इतके पातळ काप घेऊन ते रंगवले जातात, आणि विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात : पेशी बिघडल्या आहेत काय, त्या खालचा पडदा ओलांडून गेल्या आहेत काय, कडेपर्यंत पोचल्या आहेत काय. लेसरने काढल्यास रक्तस्राव कमी होतो हे खरे, परंतु उष्णतेने कडा करपते आणि वाचणे कठीण होते. संशयास्पद जागी आमची पसंती अजूनही साध्या सुरीलाच आहे. चट्टा मोठा असेल तर प्रथम लहानसा तुकडाच घेतला जातो, तोही सर्वांत लाल किंवा कडक भागातला.

‘सुरी लागली की रोग पसरतो’ ही समजूत नातेवाइकांच्या तोंडून आम्ही नित्य ऐकतो. तपासणीचा तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही, पसरतो तो वाट पाहण्याने. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्याची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. गाठ तोंडात असताना मानेवर शस्त्रक्रिया कशाला, हाही नेहमीचा प्रश्न. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आरंभीच्या कर्करोगात मानेतील लसिकाग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसल्यावर मग शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही विश्वस्त मंडळापुढे विषय मांडला, आणि तोंडातून काढलेल्या प्रत्येक तुकड्याची तपासणी शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरावी, ज्यांना तोही झेपत नाही त्यांचा भार रुग्णसाहाय्य निधीने उचलावा, असा निर्णय झाला. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, फॉर्मालिनच्या बाटलीवर लावता येत नाही. तरीही या निधीस देणगी देणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.

नातेवाइकांनी घरी पाहण्यासारखे थोडे आहे. उजेडात आरशासमोर गाल, जिभेच्या कडा व जिभेखालची जागा पाहावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा चट्टा किंवा नवी गाठ दिसल्यास दाखवावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तेही सांगावे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी थंड दूध, पातळ खिमट चालते, भाकरी नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात.

चट्टा काढला म्हणजे धोका संपला असे मात्र होत नाही. उरलेल्या तोंडानेही तोच तंबाखू तितकीच वर्षे सोसलेला असतो, त्यामुळे नवा चट्टा दुसऱ्या गालातही येऊ शकतो. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही दर तीन महिन्यांनी बोलावतो. ‘आता काही त्रास नाही’ म्हणून येणे थांबवणारे रुग्ण पुष्कळ आहेत, काहींना एस.टी.चे भाडे परवडत नाही. अशांच्या प्रवासखर्चाची तरतूद निधीतून करावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिला आहे.