दानाचा जमाखर्च आणि विधिमंडळाची नजर

आपल्या पवनी तालुक्याचा इतिहास शिकवताना आम्ही जगन्नाथ टेकडीपासून आरंभ करतो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले आणि मातीखालून स्तूपाचे अवशेष निघाले. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आढळली. वर्गात हमखास एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, दान गुप्त असावे म्हणतात, मग नाव कशाला कोरले?" आम्ही त्यास सांगतो, बाळा, ती नोंद आहे. कोणी काय दिले ते सर्वांसमक्ष लिहिले की ते पुढे कोणाला गिळता येत नाही. हा आमचा अर्थ आहे. पुरातत्त्वज्ञ आणखी काही सांगतील.

विनयपिटकाचा दाखला मात्र स्पष्ट आहे. संघाच्या वस्तू सांभाळणारा भांडागारिक संघाने रीतसर निवडावयाचा, आणि तो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा असावा. काय सुरक्षित आहे व काय नाही हे त्यास ठाऊक असावे. श्रद्धेने आलेल्या धनालाही राखणदार लागतो, हे त्या काळीच उमगले होते.

आधुनिक काळात हीच दृष्टी बाबासाहेबांनी सार्वजनिक जीवनात आणली. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था होती आणि १९२५ साली तिने सोलापुरात वसतिगृह उघडले. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात गेल्यावर शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे पुढे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई अवघे १४ आणे खर्च करते; अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा आशय होता. त्यांनी कौन्सिलात याचना केली नाही, हिशेब विचारला. पुढच्याच वर्षी डॉ. पु. गो. सोळंकी यांच्या ठरावावरून स्टार्ट समिती नेमली गेली; तिच्यात बाबासाहेबही होते, आणि १९३० च्या तिच्या अहवालात वसतिगृहे व शिष्यवृत्त्यांच्या शिफारशी आल्या. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दिलेल्या निवेदनातून शिक्षणासाठी वार्षिक तीन लाख रुपये मंजूर झाले. आज ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर आपली मुले शिकतात, तिचे मूळ तेथे आहे.

१९५४ साली बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. ते राज्यसभेत होते हे खरे. परंतु अनुदानाच्या मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार लोकसभेलाच आहे. ती संधी आपल्या जिल्ह्याने त्यांना दिली नाही, ही सल आम्हांला अजूनही बोचते.

आता यंत्रणा समजून घेऊ, कारण पालकसभेत याविषयी फार गैरसमज आढळतो. अनेकांना वाटते, अर्थसंकल्पात रक्कम जाहीर झाली की काम झाले. खरे काम तेथून पुढे असते. खर्च झालेल्या पैशाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या पदास संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद म्हटले होते. अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवला जातो. मग लोकलेखा समिती खात्याच्या सचिवास साक्षीला बोलावते: रक्कम का खर्ची पडली नाही, पडली तर कोणाच्या हाती गेली? यांशिवाय विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती आहे, ती जिल्ह्यांत दौरे करते. संसदेची अशी समिती १९६८ पासून काम करते. तीत लोकसभेचे २० व राज्यसभेचे १० सदस्य असतात.

याचा उपयोग काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्रासह पाच राज्यांतील या योजनेची २०१२ ते २०१७ या काळाची तपासणी केली. संसदेच्या सामाजिक न्याय विषयक स्थायी समितीने थकबाकीवर बोट ठेवले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची रचना बदलली: पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. केवळ समित्यांमुळे हे घडले असे आम्ही म्हणत नाही. चळवळीही रस्त्यावर होत्या. पण रस्त्यावरच्या घोषणेला आकड्याचा आधार मिळाला तो या अहवालांतून.

आमचा एक जुना विद्यार्थी, धानाच्या बांधीत मजुरी करणाऱ्या बाईचा मुलगा, शिष्यवृत्ती दोन वर्षे अडकली म्हणून पदवीचे शेवटचे वर्ष सोडून कामाला लागला. रक्कम आली तेव्हा तो नागपुरात सेंटरिंगच्या कामावर होता. महाविद्यालय म्हणे अर्ज पुढे पाठविला, कार्यालय म्हणे मिळाला नाही. त्या मुलाकडून उत्पन्नाचा दाखला तीनदा मागविण्यात आला. अर्ज कोणाच्या टेबलावर पडून राहिला हे मात्र कोणी विचारले नाही. छाननी ही अशी खालच्या माणसाचीच होते, हा आमचा आक्षेप आहे. विधिमंडळाची छाननी पैसा हाताळणाऱ्याची व्हावी, आणि ती तशी व्हावी म्हणून आमदाराकडे लेखी प्रश्न देणारे पालक आपल्यात हवेत.

दुसरी बाजू आपल्या घरची आहे. निवासी शाळा शासनाच्या अनुदानावर चालते तशी समाजाच्या दानावरही चालते, आणि दान घेणारी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येते. मूळ मुंबई राज्याचा हा कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. कलम ३२ प्रमाणे हिशेब ठेवणे, ३३ प्रमाणे दर ३१ मार्चला ते बंद करून लेखापरीक्षण करवणे बंधनकारक. विश्वस्त बदलले तर कलम २२ प्रमाणे बदल अर्ज. कलम ३६ तर प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे: धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून संस्थेची जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही.

काही कार्यकर्ते या कायद्यास संस्थेवरील आक्रमण समजतात. शासनाने मर्यादा ओलांडू नये हे आम्हांसही मान्य. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात हा कायदा बहुतांशी वैध ठरविताना धर्मादाय आयुक्ताला धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली, ती याच कारणास्तव. मात्र "आपलीच माणसे आहेत, हिशेब कसला मागता" हे वाक्य आम्ही तीस वर्षांत अनेक सभांतून ऐकले आहे, आणि जेथे ते ऐकले तेथे पुढे विश्वस्तांचे दोन गट न्यायालयात गेलेले पाहिले आहेत.

म्हणून नववीच्या वर्गाला आम्ही एक पाठ पुस्तकाबाहेरचा देतो. भोजनगृहाची वही आणायची. तांदूळ, तूरडाळ, तेल किती आले, किती ताटे वाढली, शिल्लक किती, हे मुलांनीच मांडायचे. गेल्या वर्षी चार किलो डाळीचा फरक निघाला. मुले स्वयंपाकीण मावशींकडे संशयाने पाहू लागली. तपासले तेव्हा कळले, पौर्णिमेला आलेल्या पाहुण्यांची ताटे वहीत आम्ही शिक्षकांनीच नोंदविली नव्हती.