निरोपाची वाट आणि तिची परीक्षा

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेला पूर आला, लोकांनी शाळेच्या इमारतीत आश्रय घेतला आणि अशा वेळी दूरध्वनीचे मनोरे बंद पडले, तर या खोलीतील निरोप त्या खोलीत कसा पोहोचावा? जवळजवळच्या यंत्रांनी तो हातोहात पुढे द्यावा, हे एक उत्तर होय. अशा बिनतारी जाळ्यात प्रत्येक यंत्र बोलते, ऐकते व वाटाड्याचेही काम करते. वाट शोधण्याच्या नियमावल्या अनेक आहेत. त्यांपैकी 'एओडीव्ही' २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत निरोप धाडावयाचा असेल तेव्हाच वाट शोधली जाते.

परंतु कागदावरील नियम इमारतीत टिकेल काय? भिंती काही लहरी शोषून घेतात, काही परतवितात. मनुष्यदेहही त्यांना अडवितो. शिवाय यंत्र बाळगणारा चालता असतो. यास्तव प्रत्यक्ष परीक्षा हवी. तीत तीन गोष्टी मोजावयाच्या. पहिली पोहोच : १०० पाकिटे धाडली व ९२ मिळाली, तर पोहोच शेकडा ९२. दुसरी विलंब. तिसरी, वाट शोधण्यासाठी खर्ची पडलेले जादा संदेश.

परीक्षा पुन्हा तशीच घेता आली पाहिजे. माणसे मात्र दोनदा सारखी चालत नाहीत. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने यावर तोड काढली. प्रत्येकाच्या संगणकावर 'आता अमुक ठिकाणी जा' अशा सूचना येत. २००२ सालच्या त्यांच्या वृत्तान्तात ३७ संगणकांपर्यंतचे प्रयोग वर्णिले आहेत.

त्याच गटास एक चमत्कारिक गोष्ट आढळली. शेजारचे यंत्र 'मी येथे आहे' अशी हाक देई, तरी त्याजकडे धाडलेली पाकिटे हरवत. हाक लहान व संथ गतीने दिलेली असल्याने दूरवर ऐकू येई. पाकिटे मोठी व जलद गतीने धाडलेली असल्याने तितक्या दूर टिकत नसत. नियम मात्र हाकेवर विसंबून तीच वाट खरी मानी. अशा जागांस त्यांनी 'करडे प्रदेश' म्हटले. क्षीण हाक न मानणे, किंवा लागोपाठ अनेक हाका ऐकल्यावाचून शेजार न धरणे, हे त्यावरील उपाय होत.

ही उणीव उघडकीस आली ती चालत्या माणसांसह प्रत्यक्ष प्रयोग केल्यामुळे. पुरात अडकलेल्या माणसाचा निरोप ज्या वाटेने जावयाचा, तिची परीक्षा आपण कोरड्या दिवसांतच घेऊन ठेवली पाहिजे.