गाऊन शिकविणारा गुरू : नारायण वामन टिळकांचे स्मरण

शास्त्रभाग : अनुवाद ३१:१९-२२, १ इतिहास १५:२२ व २५:१-८, कलस्सै ३:१६

ह्या पाठाकरिता नेमलेला शास्त्रभाग आधी मोठ्याने वाचून घ्यावा. त्यातील नावे उच्चारावयास अवघड आहेत खरी, पण ती गाळू नयेत. दाविदाने मंदिराच्या सेवेकरिता आसाफ, हेमान व यदूथून ह्यांच्या पुत्रांस वेगळे केले. त्यांच्या हाती वीणा, सतारी व झांजा दिल्या. गायनात निपुण अशा सर्वांची गणती दोनशे अठ्ठ्याऐंशी भरली. पुढे चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरविल्या, तेव्हा लहान कोण व मोठा कोण, गुरू कोण व शिष्य कोण, हा भेद पाहिला नाही. ह्याच पुस्तकात आधी लेव्यांचा नायक कनन्या ह्याचा उल्लेख आहे. तो गायन शिकवीत असे, आणि त्याचे कारण एवढेच दिले आहे की तो त्यात निपुण होता. पवित्र शास्त्रात गाणारा व शिकविणारा ही दोन निराळी माणसे नाहीत.

मोशेचेही तसेच. मरणापूर्वी त्याला नियमशास्त्र लिहून ठेवण्याची आज्ञा झाली, तशी एक गीत लिहून ते लोकांच्या तोंडी घालण्याचीही झाली. ग्रंथ लेव्यांच्या स्वाधीन राहील, पण गीत लेकरांच्या मुखातून जाणार नाही, हा त्यातील हेतू. आणि पौल कलस्सैकरांस स्तोत्रे व गीते गावयास सांगतो, तेव्हा त्याबरोबर शिकविणे व बोध करणे हेही शब्द घालतो. गायनाकडे उपदेशापूर्वी मंडळी जमेपर्यंत वेळ काढण्याचे साधन म्हणून पाहणाऱ्यांनी हे वचन नीट ध्यानात घ्यावे. तसे पाहणाऱ्यांत एके काळी आम्हीही होतो. ती हकीकत पुढे येईल.

आपल्या महाराष्ट्रात हे वचन ज्यांच्या आयुष्यात उघड दिसले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशकास त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. पुढे ते नागपुरास राहिले. १८९३ साली नागपुराकडून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ते वाचावयास बसले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांस पुढे जाववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांनी व त्याहूनही अधिक लक्ष्मीबाईंनी दिली. कित्येक वर्षे पतिपत्नी दुरावली होती. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात नगरास राहिले. तेथे होतकरू उपदेशकांस ते शिकवीत, आणि पुढे ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. त्या काळच्या मंडळीत काय गात असत ते ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या कामाचे मोल कळते. पुष्कळशी गीते इंग्रजीवरून भाषांतरिलेली व इंग्रजी चालींत बसविलेली असत. इंग्रजी चालीत ठोका ठराविक जागी पडतो, व त्या भाषेत शब्दावरील आघातही तेथेच येतो. मराठी शब्द आघातावर चालत नाही, तो ऱ्हस्वदीर्घ अक्षरांवर व यमकावर चालतो. तेव्हा परक्या चालीत ‘प्रभु’ शब्दातील ‘भु’ उगाच लांबे आणि ‘कृपा’ शब्दातील ‘पा’ मध्येच तुटे. शिकलेला मनुष्य पुस्तकात पाहून अर्थ लावी, पण ज्याला अक्षर येत नसे त्याला नुसता आवाज ऐकू येई. (इंग्रजी चालींतील काही गीते आता आमच्या हाडीमासी खिळली आहेत. ती टाकावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही.)

आता अभंग पाहा. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक. बावीस अक्षरांत एक विचार पुरा होतो. तिसऱ्या चरणाचे यमक दुसऱ्याची आठवण देते, आखूड चौथा चरण श्वास घेऊ देतो, आणि टाळकरी तेवढ्यात पुढचे कडवे उचलतो. वारकऱ्यांच्या शेकडो वर्षांच्या पायपिटीत ही रचना घासून गुळगुळीत झालेली आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. आम्हांस वाटते, ते त्या पुलावरून परतही जात व प्रत्येक खेपेस एखादी चाल उचलून आणीत. अभंग, ओवी, भजन व कीर्तन ही सारी त्यांनी प्रभूच्या सेवेत आणली. नगरास ख्रिस्ती कीर्तनाचा पाया त्यांच्यापूर्वी कृष्णराव सांगळे ह्यांनी घातला होता, हेही विसरता कामा नये. कीर्तनकार एखादे वचन घेऊन निरूपण करतो, मग उधळ्या पुत्राचे आख्यान लावतो, आणि श्रोते पालुपद म्हणत म्हणत ती गोष्ट पाठ करून घरी जातात. ह्याहून चांगली शब्बाथशाळा कोणती?

ह्या शिक्षणाचा दाखला पाहावयाचा तर लक्ष्मीबाईंकडे पाहावे. शाळेचा उंबरठा त्यांनी ओलांडला नव्हता. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. ज्या घरात ओवी कानी पडते तेथे ती नकळत जिभेवरही येते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोहोंस जवळ करणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी काढला व ते साताऱ्यास राहिले. तो दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले. गीते मात्र राहिली. आमच्या वाशीम भागात प्रथम मेथॉडिस्ट मिशनचे व पुढे नाझरीन मंडळीचे काम झाले. टिळक ह्यांपैकी कोणत्याच मिशनचे नव्हते. तरी ‘उपासना संगीत’ उघडून आमची मंडळी त्यांची गीते गाते, आणि ह्या गीतास आपल्या मंडळीत परवानगी आहे काय, असे आजवर कोणी विचारलेले नाही.

आता आमची हकीकत. सेमिनरीतून निघून आम्ही वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात पाळक म्हणून गेलो. चार स्वरांचे गायन आम्ही नुकतेच शिकलो होतो व त्याचा अभिमान फार होता. तेथे एक वृद्ध ढोलकीवाले बंधू रविवारी सायंकाळी भजन घेत. वेळ फार जातो व गोंगाट होतो, असे म्हणून आम्ही ते बंद केले व पेटीवर मोजकी गीते सुरू केली. ते बंधू काही बोलले नाहीत. ढोलकी घरी ठेवून ते मागच्या रांगेत येऊन बसू लागले. काही महिन्यांनी एक म्हातारी बहीण आम्हांस म्हणाली, “साहेब, मले वाचता येत नाही. उधळ्या पोराची गोष्ट मी भजनातच शिकली. आता नातवाले कशी सांगू?”

आम्ही उत्तर दिले नाही. अभिमान उतरावयास आणखी दोन वर्षे लागली. मग आम्ही त्या बंधूंच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्यांनी ढोलकी खाली काढली, पण बोटे आखडली होती व दमही राहिला नव्हता. त्याच पावसाळ्यात ते वारले. त्यांस मुखोद्गत असलेल्या गीतांपैकी अकरा मात्र आम्हांस लिहून घेता आली. बाकीची कोणत्याही पुस्तकात आम्हांस सापडली नाहीत.

म्हणून खेड्यांतील मंडळ्यांस आमची विनंती आहे की, येत्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वी आपल्यातील वृद्ध बंधुभगिनींची गीते लिहून घ्यावी. प्रत्येक गीतावर चाल कोणती तेही लिहावे. चालीवाचून लिहिलेले गीत पुढच्या पिढीस मुके राहते. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलांवर सोपवावे. आमच्या मंडळीत त्या म्हाताऱ्या बहिणीचा नातू गुरुवारी संध्याकाळी वही घेऊन बसतो. तिला शब्द नुसते सांगता येत नाहीत, ते चालीबरोबरच येतात. एखादी ओळ लिहावयाची राहिली की, आजीला पुन्हा पहिल्या कडव्यापासून गावे लागते, आणि नातू पेन्सिल कानावर ठेवून टाळ धरतो.