डिस्प्ले म्हणतो पंधरा, खिसा म्हणतो नाही

प्रश्न : माझा डिझेल पिकअप आहे. नाशिकहून भाजी भरून वाशी मार्केटला जातो. डिस्प्लेवर ॲव्हरेज १५ दिसतं, पण डिझेलचा खर्च पाहता पटत नाही. हायवेवर नीट कसं तपासावं?

उत्तर : डिस्प्लेवरचा आकडा बाजूला ठेवा, तो गाडीच्या कंप्युटरने बांधलेला अंदाज. खरा हिशेब टाकी-ते-टाकी. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि परतल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पुन्हा फुल करा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल लवकर कट होतं. पंपावरच्या माणसाला धार बारीक ठेवायला सांगा आणि दोन्ही वेळा पहिल्याच कटला थांबा. ३४० किलोमीटरला २६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १३.

मोजायचं मात्र जाऊन-येऊन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. जाताना कसारा घाट उतरायचा, येताना चढायचा. नुसती जातानाची फेरी मोजलीत तर गाडी फुकटची शाबासकी घेऊन जाईल. आणि हो, उतारावर न्यूट्रल नको! गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या डिझेल इंजिनात इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला जळतच राहतं. ब्रेक तापतात ते वेगळंच.

टायरची हवा टायर थंड असतानाच बघा. वेग साठच्या आसपास धरा. ८० ला हवेचा विरोध ६० च्या जवळजवळ पावणेदोन पट होतो. ताडपत्री फडफडत असेल तर आधी आवळून बांधा.