जुनी जमीन, नवी फरशी

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत अजून जुनी घरे आहेत. कुठे सारवलेली जमीन आहे, कुठे शहाबादी फरशी. हल्ली पुष्कळ जण त्यावर लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट फरशी घालतात. पट्टीत पट्टी अडकवायची, की झाले! गवंडीही म्हणतो, "मास्तर, वरनंच टाकूया की. खालचं कुणाला दिसतंय?"

दिसत नाही, हे खरे. पण खाली खळगा असला तर पाऊल पडताच पट्टी दबते. रोज दबून दबून तिची खाच मोडते, सांधे उघडतात. पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा असा वाया जातो.

जमीन वरखाली का होते? घराखाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घुशी बिळे करतात. नळाचे पाणी झिरपून भराव खचतो.

आधी काठीने सगळी फरशी ठोकून पाहा. जेथे पोकळ वाजेल तेथली लादी काढा. बीळ असेल तर ते मुरमाने भरा, पाणी मारा, धुमसाने चोपा. मगच लादी परत बसवा. सारवलेली जमीन असेल तर शेणाचा थर खरवडून काढावाच लागतो. त्यावर सिमेंट धरत नाही.

आता पाणसळ काढू या. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. पाणी खोटे बोलत नाही. पारदर्शक नळी घ्या. तीत पाणी भरा, पण आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळीची दोन टोके दोन भिंतींशी धरा. दोन्हीकडे पाणी जेथे स्थिर होईल तेथे खूण करा. अशा खुणा चारही भिंतींवर करा. मग खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. एका कोपऱ्यात ३ फूट आले आणि दुसऱ्यात ३ फूट १ इंच आले, तर दुसरा कोपरा १ इंच खाली आहे. हिशेब एवढाच! हे माप घरच्या माणसाने स्वतः वहीत लिहून ठेवावे. पुढे मजुरीची बोलणी करताना ते कामाला येते.

मधले खळगे शोधायला ६ फुटांची सरळ पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तेथे काम आहे. उंचवटा छिन्नीने उतरवा. खळगा भरण्याआधी गुळगुळीत शहाबादी छिन्नीने खरखरीत करा, धुऊन ओली करा, वर सिमेंटची पातळ खळ फासा आणि मग वाळू-सिमेंट भरा. नाहीतर भरलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. आठवडाभर पाणी मारा. नंतर मात्र पूर्ण वाळू द्या. येथे घाई करणारेच फार.

वाळली की नाही, हे कसे कळेल? २ फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी उघडा. आत पाण्याचे थेंब दिसले तर ओल आहे.

अशी ओल कायमच राहत असेल तर लॅमिनेट घेऊ नये. ती लाकडाच्या भुश्याची दाबलेली पट्टी असते. भिजली की फुगते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पंचगंगेच्या पुराची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट धरतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांवर गेले. २०२१ सालीही पूर आला. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरले, त्यांनी माझे ऐकावे: जमीन सारखी करून शहाबादी किंवा भाजलेल्या मातीच्या टाइल्सच बसवाव्यात. पूर ओसरल्यावर त्या धुऊन पुन्हा वापरता येतात.

कोरड्या घरात लॅमिनेट घालणार असाल तर आधी दार उघडून पाहा. जमीन उंच झाली की दार खाली घासते. सुताराकडून ते तासून घ्या. आणि भिंतीच्या कडेने बोटभर फट सोडायला सांगा. हवेप्रमाणे पट्ट्या थोड्या वाढतात. फट नसेल तर त्या मध्येच फुगून वर येतात. ती फट वरून लाकडी पट्टीने झाकतात.