नावावरून ठिकाण : संगणकातील नामसेवा

शासकीय पत्र बहुधा व्यक्तीच्या नावे नव्हे, तर पदनामाने पाठविले जाते. तहसीलदारांची बदली झाली, तरी पत्र त्या पदावर असलेल्या अधिकाऱ्याच्या हाती पडतेच. पाठविणाऱ्यास बदलीची वार्ता ठेवावी लागत नाही. संगणकाच्या जगात हेच कार्य ‘नामसेवा’ करते. अनेक लोकोपयोगी सेवा आज संगणकावरून दिल्या जात असल्याने या व्यवस्थेचा परिचय करून घेणे उचित ठरेल.

नामसेवेचे स्वरूप

मोठ्या कार्यालयांच्या आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, बहुधा ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’ या यंत्रणेच्या आधाराने चालतात. माहितीसाठ्याशी जोडणी करणे, निरोपांची देवाणघेवाण करणे अशी साधने सर्व्हर सांभाळतो आणि प्रत्येक साधनाची विशिष्ट नावाने नोंद ठेवतो. आज्ञावली नाव सांगते. सर्व्हर त्या नावाचे साधन तिच्या हाती देतो. जावा या संगणकीय भाषेसाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९७ मध्ये अशा शोधाची एक समान पद्धत घालून दिली. ती ‘जेएनडीआय’ या नावाने ओळखली जाते. वेबलॉजिक, वाइल्डफ्लाय, ग्लासफिश हे सर्व्हर भिन्न असले, तरी नाव विचारण्याची रीत एकच.

तिची आवश्यकता

माहितीसाठ्याचा पत्ता व परवलीचा शब्द आज्ञावलीतच लिहिला, तर यंत्र बदलताच आज्ञावलीही बदलावी लागते. याहून मोठा धोका असा, की चाचणीसाठी केलेली नोंद खऱ्या लाभार्थ्यांच्या यादीत जाऊन बसू शकते. नामसेवेमुळे हा धोका बराच टळतो. ‘शिष्यवृत्ती’ हे एकच नाव चाचणीच्या सर्व्हरवर नमुन्याच्या नोंदींशी आणि प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर खऱ्या नोंदींशी जोडता येते. आज्ञावलीत एकही अक्षर बदलावे लागत नाही, आणि परवलीचा शब्द सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडेच राहतो.

जोडणी कशी होते?

आज्ञावली लिहिण्यासाठी व तपासण्यासाठी एक्लिप्स, नेटबीन्स यांसारखी साधने वापरतात. अशा साधनातून, सर्व्हरच्या बाहेर राहून, नामसेवेशी संपर्क साधावयाचा असेल तर चार गोष्टी लागतात : (१) त्या सर्व्हरची नामसेवा उघडून देणाऱ्या घटकाचे नाव; (२) सर्व्हरचा पत्ता व पोर्ट क्रमांक (वेबलॉजिकचा मूळ क्रमांक ७००१ असतो); (३) आवश्यक तेथे वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द; (४) सर्व्हरसोबत मिळणारा जोडणीचा संच. आज्ञावली सर्व्हरच्या आतच चालत असेल, तर हा तपशील सर्व्हर स्वतःच पुरवितो.

जोडणी न झाल्यास येणारा संदेश नीट वाचावा. ‘प्रारंभिक संदर्भ नाही’ अशा अर्थाचा संदेश आल्यास पहिली बाब राहिली आहे, असे बहुधा समजावे. ‘संपर्क होत नाही’ असे कळल्यास पत्ता चुकला असेल किंवा सर्व्हर बंद असेल. ‘नाव सापडले नाही’ असे उत्तर आल्यास नोंदवहीपर्यंत पोच झालेली असते. मात्र नाव चुकलेले असते, नोंदविलेले नसते, किंवा ते केवळ सर्व्हरच्या आतूनच दिसणारे असते.

दक्षतेचा धडा

नाव कोणी पुरविले, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या नोंदी ठेवणाऱ्या साधनातील गंभीर दोष उघडकीस आला. बाहेरून आलेल्या मजकुरातील नावाचाही ते साधन जेएनडीआयद्वारे शोध घेत असे. त्यामुळे परक्या यंत्रावरील घातक आज्ञावली सर्व्हरवर चालविणे शक्य झाले. या दोषाची तीव्रता १० पैकी १० ठरविण्यात आली. पुढील आवृत्त्यांत तो दूर करण्यात आला.

म्हणून संगणकप्रणाली स्वीकारताना प्रत्येक कार्यालयाने व संस्थेने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. परवलीचे शब्द आज्ञावलीबाहेर ठेवले आहेत काय? चाचणीच्या व खऱ्या नोंदी विभक्त आहेत काय? वापरातील साधनांच्या आवृत्त्या वेळोवेळी अद्ययावत केल्या जातात काय? या प्रश्नांच्या उत्तरांवर नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता बऱ्याच अंशी अवलंबून आहे.