मिश्री, पुडी आणि सातवीचा वर्ग

मुलांच्या तंबाखूसेवनाचा विचार करताना आपण बहुधा विडी-सिगारेटपासून आरंभ करतो. ग्रामीण शाळेतील अनुभव मात्र निराळा आहे. आपल्याकडे तंबाखूची पहिली ओळख पुष्कळदा घरच्या मिश्रीने होते. आजी तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड करते आणि दात घासण्याच्या निमित्ताने नात शेजारी बसते. हे व्यसन आहे अशी घरात कोणाची समजूतच नसते. म्हणून ‘तंबाखू वाईट’ एवढेच सांगणारा पाठ त्या मुलीपर्यंत पोचत नाही. मिश्री ही तंबाखूच होय व हिरडीवाटेही निकोटीन रक्तात जाते, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

मुलगे पुडीकडे वळतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्यान्वये शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, तसेच अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तंबाखू विकता येत नाही. तरीही पुडी मिळते, हे आपण जाणतोच. नुसत्या सुपारीस तर मुले व्यसन मानीतच नाहीत. वास्तविक सुपारीने तोंडाचे आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. हात धुऊन आपलीच तीन बोटे उभी धरावीत व ती समोरच्या दातांमध्ये मावतात का, हे वर्गातील सर्वांनी पाहावे. ज्याची मावत नाहीत त्याच्याशी मागाहून एकांतात बोलून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

येथे माझी स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. नोकरीच्या आरंभी सातवीतील एका मुलाच्या दप्तरात मला पुडी सापडली. प्रार्थनेच्या वेळी ती सर्वांसमोर उंच धरून मी त्यास छड्या मारल्या. (त्या काळी माझ्याही खिशात चंची असे!) दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. काही महिन्यांनी तो ऊसतोडीच्या टोळीत दिसला. तोंडात पुडी होतीच.

आज शिक्षणहक्क कायद्याने अशी शिक्षा निषिद्ध आहे. मुलास बाजूस घेऊन पुडी केव्हा लागते, गुरे राखताना की मित्रांच्या कट्ट्यावर, हे शांतपणे विचारावे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचीड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हा त्रास ओसरण्यास दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस गृहपाठावरून रागावू नये. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरते त्यास पाणी पिण्यास वा फळा पुसण्यास पाठवावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. तो शिक्षकांनाही खुला आहे.

पालकसभेस आजीला अवश्य बोलवावे, आणि मिश्रीच्या डबीविषयी प्रथम तिलाच बोलू द्यावे.